खिडकीचं पाकीट

आज अकरावा दिवस.
कमरेवर उडदाच्या शेंगेएवढी चीर,
तिच्यावर पारदर्शक पट्टी.
एवढ्याशा दारातून मिस्टर गॅलाघर आत गेले
(इथे सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत)
आणि नसेवर बसलेला चकतीचा तुकडा
दाढेतल्या सुपारीसारखा काढून घेऊन आले.
संध्याकाळी मी खुर्चीत बसून चहा प्यायलो.

मग व्यायाम कधी सुरू करायचा?
भेटेल त्याला विचारलं.
मिस्टर गॅलाघर म्हणाले, पत्र येईल.
मारिसेल, रात्रपाळीची नर्स, म्हणाली,
कधी म्हणजे? बाथरूमपर्यंत चालत गेलात, ते काय होतं?
मिरजेहून अक्का म्हणाली, खुळा की काय,
सव्वा महिना अंथरूण सोडायचं नाही,
बाळंतिणीला विचार कुठल्याही.
अक्का, मी साठीला आलो.
तरी डिंकाचे लाडू कुरियरने निघालेत.

पाठ स्वतः काही बोलत नाही.
अठ्ठावीस वर्षं बोलत होती,
तेव्हा मी ऐकलं नाही.

अठ्ठावीस वर्षं शेफील्डच्या या चढांवर टपाल वाटलं.
कुणा शहाण्या सुताराने
सतरा दारांना घोट्याच्या उंचीवर फटी ठेवल्यात.
सतराही नंबर मला पाठ आहेत.
प्रत्येकापुढे रोज लवून मुजरा,
हातात त्यांचीच गॅसची बिलं.

आता माझ्या बीटवर कर्टिस असतो.
पोरगा चांगला, पण फाटक लावत नाही.
पावणेअकराला फट वाजली,
चटईवर काहीतरी पडलं.
जाहिरात सपाट पडते, वाढदिवसाचं कार्ड कोपऱ्यावर.
हे खिडकीचं पाकीट होतं,
आवाजावरूनच कळलं. हॉस्पिटल.

म्हणजे तारीख आली.
वाकायचं कधी ते सांगणारं पत्र
वाकल्याशिवाय हाती येत नव्हतं.

सुनीती सहापर्यंत कामावर.
हॉस्पिटलने दिलेला लांब दांड्याचा चिमटा
वरच्या मजल्यावर, मोज्यांपाशी.
मी पाकिटाकडे बघत उभा राहिलो,
आणि त्रेचाळीस नंबरच्या हॉब्सनबाई आठवल्या.
त्यांच्या चटईवर टपालाचा ढीग साचायचा,
वरून नवं टाकलं तर आत सरकायचं नाही.
एकदा फटीतून ओरडलो होतो,
अहो बाई, पत्रं उचलत जा की!
आतून आवाज आला, हो बाळ, उचलते.
मला वाटलेलं, आळस.

भिंतीला हात टेकला.
पाय खांद्यांएवढे लांब,
पाठ ताठ, मारिसेलने दाखवली होती तशी.
मग गुडघ्यांतून खाली,
पोहरा सोडावा तसा,
दोर हातातून निसटू न देता.
मांड्या थरथरल्या.
बोटांना कागद लागला.
वर येताना तोंडातून "आई गं" निघालं,
दुखलं म्हणून नाही, सवयीनं.

उभ्यानेच फोडलं.
मंगळवार, तीन आठवड्यांनी, सकाळी सव्वानऊ.
फिजिओथेरपी, दुसरा मजला.
सैल कपडे घालून यावे.
आणि तळाशी, ठळक अक्षरांत:
तोपर्यंत वाकणे टाळावे.

हसलो, तेव्हा मात्र दुखलं.

फाटक उघडंच होतं.
लावायला म्हणून बाहेर आलो
आणि लावून पुढे चालत राहिलो.
मला दोन दिव्यांच्या खांबांपर्यंत परवानगी आहे,
त्रेचाळीस नंबर तिसऱ्याशी.
दुसऱ्या खांबाला हात लावून थांबलो, तिथून दिसतं:
नवे लोक, नवं निळं दार,
फट छातीच्या उंचीवर.